भाड्याच्या घरात पावसाळ्यात आलेली ओल आणि बुरशी : दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

नौपाडावासी · १९ जुलै

आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर १ एप्रिलपासून लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत आहोत. करार ११ महिन्यांचा असून रीतसर नोंदवलेला आहे. महिन्याचे भाडे २४,००० रुपये, अनामत रक्कम १ लाख रुपये आणि पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत दोन्ही बाजूंना करार मोडता येत नाही. मार्चमध्ये घर पाहायला गेलो तेव्हा नुकताच रंग दिलेला होता आणि त्याचा वासही गेला नव्हता. तेव्हा आम्हांला ती घराची जमेची बाजू वाटली होती.

जूनच्या अखेरीस आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून एक पिवळसर डाग पसरू लागला. गेल्या रविवारी कपाट पुढे ओढले तेव्हा त्यामागची भिंत जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीपर्यंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली दिसली. रंगाचे पोपडे सुटून खाली त्यांची भुकटी साचली होती, आणि कपाटाची मागची प्लायवूडची फळी बोट लावताच दबत होती. सासूबाईंनी दिलेल्या दोन रेशमी साड्यांच्या घड्यांवर पांढरी लव आली आहे. साड्यांचे दुःख आहेच, पण खरी काळजी मुलीची आहे. ती सहा वर्षांची आहे, याच खोलीत झोपते, आणि तीन आठवडे तिचा खोकला हटत नाही. डॉक्टरांनी औषध देताना घरात ओल आहे का असे स्वतःहून विचारले आणि तिला त्या खोलीत झोपवू नका असे सांगितले. तेव्हापासून आम्ही तिघेही बाहेरच्या खोलीत झोपतो.

घरमालक पुण्यात असतात. त्यांना छायाचित्रे पाठवली असता त्यांनी उत्तर दिले की, आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि कपडे घरात वाळत घालतो म्हणून बुरशी आली. शिवाय करारात ‘घराची अंतर्गत देखभाल लायसन्सीने (म्हणजे राहणाऱ्याने) करावी’ असे कलम आहे, याकडे त्यांनी बोट दाखवले. आणि घर सोडताना रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापला जाईल, असेही ते म्हणाले. सोसायटीच्या सचिवांना भेटलो तर ते म्हणाले की, आम्ही फक्त सभासदाशी बोलतो. दोन्हीकडून दार बंद झाल्यासारखे वाटते.

माझे प्रश्न असे आहेत की, या बुरशीची जबाबदारी कायद्याने कोणाची. दुरुस्ती स्वतः करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो का, कारण केंद्राच्या २०२१ च्या आदर्श घरभाडे कायद्यात तशी तरतूद असल्याचे मी वाचले आहे. आणि घर राहण्याजोगे उरले नाही तर लॉक-इन संपण्यापूर्वी अनामत रक्कम न गमावता बाहेर पडता येईल का? घरमालकांशी भांडण करण्याची इच्छा नाही. मुलीला निरोगी खोली मिळावी एवढेच हवे आहे.

---

सिमेंट_वाळू · १९ जुलै

मी इमारतदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करण्यात तीस वर्षे घालवली आहेत. जबाबदारी कोणाची हा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, परंतु माझ्या मते पाणी कुठून येते हे आधी ठरले पाहिजे, कारण त्याच उत्तरावर जबाबदारी घरमालकाची, सोसायटीची, वरच्या मजल्याची की आपली, हे ठरणार आहे. बुरशी हे लक्षण आहे. तिला वाढायला ओलावा लागतो, आणि तो तोडला नाही तर कितीही वेळा पुसली, वर कितीही महागडा रंग दिला, तरी ती परत येते.

आपल्याकडच्या घरांत ओल साधारण चार वाटांनी येते. पावसाचे पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून, छज्जाच्या सांध्यातून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीतून आत झिरपते. वरच्या किंवा स्वतःच्याच न्हाणीघरातले पाणी फरशीच्या सांध्यांतून वा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीच्या, कडेने उतरते. भिंतीत गाडलेला नळाचा पाइप गळतो. किंवा घरातल्याच हवेतली वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमते. तळमजल्यावर जमिनीतून वर चढणारी ओल हा पाचवा प्रकार असतो, पण आपण तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे तो सोडून देऊ.

आपण केलेल्या वर्णनात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू झाला, आणि भिंत पश्चिमेची आहे. ठाण्या-मुंबईत नैर्ऋत्येचे वारे पाऊस घेऊन याच बाजूच्या भिंतींवर आदळतात. शिवाय पोपडे सुटले आहेत, म्हणजे ओल रंगाच्या मागून येत आहे. वाफेमुळे आलेली बुरशी सहसा रंगाच्या पृष्ठभागावर ठिपक्यांच्या रूपात राहते, तिच्याखालचे प्लास्टर टणक असते, आणि ती छताच्या कोपऱ्यांत किंवा जिथे हवा खेळत नाही तिथे दिसते. मुठीने भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर विटेपासून सुटले आहे, आणि ते काही कपडे वाळत घातल्याने सुटत नाही.

तरीही माझ्या तर्कावर विसंबू नका. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉईल घ्या, फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा कापा, भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि फॉईलच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ती घरातल्या हवेची वाफ आहे. फॉईलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. असे तुकडे एकाच जागी न लावता डाग असलेल्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आणि एखाद्या चांगल्या भिंतीवर लावा, म्हणजे तुलना करता येईल. लावतानाचे आणि काढतानाचे छायाचित्र तारखेसह ठेवा. न्हाणीघराचा संशय असेल तर पाऊस उघडलेला असताना नहाणी ट्रॅपला बोळा बसवून फरशीवर दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवतात आणि लगतच्या भिंतीवरचा व खालच्या घराच्या छतावरचा डाग वाढतो का हे पाहतात. खालच्या मजल्यावरच्यांना सांगितल्याशिवाय मात्र हे करू नये.

घरमालकांच्या खिडक्यांच्या मुद्द्याविषयीही लिहितो. जुलै महिन्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की नुसत्या खिडक्या उघडल्याने भिंत वाळत नाही. पंखा चालू ठेवणे, अंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा लावणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवणे, यांचा उपयोग होतो आणि ते आपण करावेच. पण भिंतीतून पाणी येत असेल तर यांनी फार तर बुरशीची वाढ मंदावेल.

आणखी एक कटू गोष्ट. बाहेरच्या भिंतीचे पक्के काम भर पावसात होत नाही. ओल्या प्लास्टरवर वॉटरप्रूफिंगचा थर धरत नाही, आणि आतून असा थर मारून घेतला तर पाणी भिंतीत कोंडते व दुसरीकडून फुटते. म्हणून आत्ता घरमालकांकडून मागायचे ते खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी बुजवणे, छज्जावर साचणाऱ्या पाण्याला वाट करून देणे, गरज पडल्यास त्या भिंतीवर बाहेरून प्लास्टिक टाकणे, आणि ऑक्टोबरनंतर पक्क्या कामाची लेखी हमी.

बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका, कारण त्यामुळे तिचे बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या, आणि त्या वेळी मुलीला घराबाहेर ठेवा. ब्लीच वापरायचे झाले तर ते शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. पोपडे सुटलेला भाग पुसून स्वच्छ होणार नाही. तिथले प्लास्टरच काढावे लागेल.

---

कलमदान · २० जुलै

वरील उत्तर मोलाचे आहे. त्यातली फॉईलची चाचणी आधी करा, कारण मी पुढे जे लिहितो आहे त्याला पुरावा तिथूनच मिळेल. मी दिवाणी वकिली करतो. तुमचा करार मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे.

तुम्ही वाचलेला २०२१ चा आदर्श घरभाडे कायदा केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला नमुना आहे. राज्याने तशा धर्तीवर स्वतःचा कायदा केल्याखेरीज तो लागू होत नाही. त्यात भिंतींचा रंग, मुख्य बांधकामाची दुरुस्ती आणि पाइप बदलणे घरमालकाकडे आणि नळाचे वॉशर, खिडक्यांच्या काचा, स्विच अशा गोष्टी भाडेकरूकडे दिल्या आहेत. ही वाटणी समंजस आहे आणि बोलणी करताना तिचा दाखला देता येईल, पण त्या आधारावर भाडे कापू नका.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस दिल्यावर १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो, मात्र एका वर्षात वजा होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. हे वाचून अनेकांना हायसे वाटते, आणि तिथेच चूक होते. हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. बोलीभाषेत आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण लिव्ह अँड लायसन्सने राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत लायसन्सी असतो. त्याला जागेत हक्क मिळत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते. त्यामुळे कलम १४ वर विसंबून तुम्ही एकतर्फी रक्कम कापलीत तर करारभंग तुमच्याकडून झाला असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या लायसन्सीला याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. दर महिन्याची रक्कम वेळेवर आणि बँकेतूनच द्या. तुमची बाजू स्वच्छ राहणे हेच या प्रकरणात तुमचे बळ आहे.

म्हणजे लायसन्सीला काहीच संरक्षण नाही, असे मात्र नव्हे. परवान्यांना, म्हणजेच लायसन्सला, लागू होणारा भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५७ नुसार, जागेत परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवू शकेल असा दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल आणि परवानाधारकाला ठाऊक नसेल, तर तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या प्रश्नातला मार्च महिन्यातला ताजा रंग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. ही भिंत गेल्या पावसाळ्यातही ओली होती का, आधी राहणाऱ्यांनी तक्रार केली होती का, घरमालकांनी सोसायटीला कधी पत्र दिले होते का, हे शोधा. शेजाऱ्यांना विचारले तरी पुष्कळ कळते. दोष ठाऊक असूनही त्यावर रंग चढवून जागा दिली असे दिसले तर संपूर्ण चित्र पालटते. त्याच कायद्याचे कलम ६४ सांगते की, मोबदला देऊन राहणाऱ्या परवानाधारकाला त्याचा दोष नसताना मुदतीआधी बाहेर काढले तर तो भरपाई मागू शकतो. म्हणून तक्रार केल्याबद्दल घर रिकामे करण्याची धमकी आली तर घाबरून जाऊ नका.

आता करारातले ‘अंतर्गत देखभाल’ हे कलम. त्याचा अर्थ रोजच्या वापरातली निगा असा होतो; बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी थांबवणे त्यात बसवणे कठीण आहे. बहुतेक छापील करारांत याच्याच आगेमागे मुख्य बांधकामाची दुरुस्ती लायसन्सरकडे, म्हणजे घरमालकाकडे, असल्याचे आणि सर्वसाधारण झीज वगळता जागा परत करावी असे लिहिलेले असते. पूर्ण करार शांतपणे वाचा. एकच कलम सुटे काढून दाखवले जात असेल तर बाकीची कलमे तुम्ही दाखवा.

यापुढे फोनवर बोलू नका, निदान फक्त फोनवर नको. ईमेलने आणि टपालाने, पोहोच मिळेल अशा रीतीने, एक साधे सभ्य पत्र पाठवा. ओल प्रथम केव्हा दिसली, मालकांना केव्हा कळवले, चाचणीत काय आढळले, डॉक्टरांनी काय सांगितले, आत्ता कोणते तात्पुरते काम हवे आणि पक्के काम केव्हापर्यंत, हे त्यात असावे. १५ दिवसांची मुदत द्या. कायद्याने ती लायसन्सीला मिळत नसली तरी वाजवी मुदत म्हणून ती सर्वांना पटते. डॉक्टरांकडून दोन ओळींची लेखी चिठ्ठी मिळाली तर जोडा.

लॉक-इनविषयी बोलायचे तर, उरलेल्या महिन्यांची संपूर्ण रक्कम जप्त होईल असे कलम असले तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते. परंतु एका लाखासाठी न्यायालयात जाण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते. दोघांच्या सहीने करार आपसांत रद्द करून घेणे, किल्ली देतानाच अनामत रक्कम परत घेणे आणि त्या दिवशी दोघांनी मिळून घराची पाहणी करून सही केलेला कागद ठेवणे, ही वाट त्याहून लहान आहे.

---

डोंबिवलीकरीण · २० जुलै

मी घरमालकीण आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. आमचे एक घर आम्ही काही वर्षे भाड्याने देत आहोत. एका पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या ताईंनी अशीच तक्रार केली तेव्हा मीसुद्धा त्यांना हेच उत्तर दिले होते की, तुम्ही कपडे घरात वाळत घालता. ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन भिंतीला हात लावला आणि प्लास्टरचा तळहाताएवढा तुकडा माझ्या हातात आला. त्याच्या मागची वीट पिळून काढावी इतकी ओली होती. त्या क्षणी मला त्या ताईंच्या डोळ्यांकडे पाहवले नाही. म्हणून माझी विनंती आहे की, छायाचित्रे कितीही पाठवलीत तरी मालकांना एकदा प्रत्यक्ष येऊन भिंतीला हात लावायला सांगा.

सोसायटीचे सचिव सभासदाशीच बोलतात, हे नियमाला धरून आहे; पण त्यामुळेच सोसायटीला पत्र देणे हे तुमच्या मालकांचे काम ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, बाहेरच्या भिंतींची गळती, पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. घरातल्या न्हाणीघराची, बेसिनची गळती त्या त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. हे मालकांना सांगितलेत तर कदाचित त्यांचा सूर बदलेल, कारण पश्चिमेच्या भिंतीचा खर्च त्यांच्या खिशातून जाणारच नाही. अनेक मालक खर्चाच्या भीतीनेच आधी नकार देतात, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

इमारत किती वर्षांची आहे तेही विचारा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे असे उपविधी सांगतात. ते झाले असेल तर त्याच्या अहवालात ही भिंत असण्याची शक्यता आहे, आणि अहवालाची मागणी मालक सभासद म्हणून करू शकतात.

आमच्या सोसायटीने ते काम दिवाळीनंतर केले. तोवरच्या चार महिन्यांसाठी मी भाडे दरमहा ४,००० रुपयांनी कमी केले होते, कारण त्या कुटुंबाला एक खोली वापरताच येत नव्हती. ही सवलत त्यांनी मागितली नव्हती. तुम्ही मात्र मागा, संकोच करू नका.

---

लेस्टरवासी · २१ जुलै

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथला कायदा आपल्याला तिथे उपयोगी नाही, तरी ‘तुमच्या राहण्याच्या पद्धतीमुळे बुरशी आली’ हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले, कारण इथेही वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्यांना तेच ऐकवले जात होते. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना वरून रंग देण्याचा सल्ला मिळाला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत, घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे हा मृत्यू झाला, असे नोंदवले गेले. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातील, म्हणजे नगरपालिका वा गृहनिर्माण संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांच्या, मालकांवर वेळेची बंधने लागू झाली. तातडीच्या धोक्यात २४ तासांत कृती करायची असते, आणि गंभीर ओल वा बुरशीची तक्रार आल्यास कामाच्या १० दिवसांत पाहणी करायची असते.

या नियमांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, घड्याळ तक्रारीच्या दिवसापासून सुरू होते. आपल्याकडे असे घड्याळ कायद्याने दिलेले नसेल तर तुमच्या पहिल्या लेखी पत्राच्या तारखेने ते तुम्हीच सुरू करा. आणि मुलीला त्या खोलीतून बाहेर आणलेत हे फार योग्य केलेत. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तिला तिथे परत झोपवू नका.

---

नौपाडावासी · ३० जुलै

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेले एकेक काम करत गेलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

फॉईलचे चार तुकडे लावले होते. पश्चिमेच्या भिंतीवरचे दोन्ही तुकडे काढले तेव्हा मागची बाजू ओलीचिंब होती आणि खोलीकडची कोरडी. कपाटामागच्या तुकड्याखाली तर दोन दिवसांत भिंतीला नवे पोपडे आले होते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरचा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला, त्यामुळे पाणी साठवून पाहण्याची गरज पडली नाही. चौथा तुकडा बाहेरच्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात लावला होता, कारण तिथेही थोडे काळे ठिपके होते. तिथे मात्र थेंब खोलीच्या बाजूला जमले होते. त्या कोपऱ्याखाली आम्ही कपडे वाळत घालतो. म्हणजे मालकांचे म्हणणे तेवढ्या एका कोपऱ्यापुरते खरे होते, आणि तसे मी त्यांना पत्रात प्रामाणिकपणे लिहिले. तो कोपरा आम्ही साबणाच्या पाण्याने पुसून घेतला आणि दोरी गॅलरीत हलवली.

शेजारच्या काकूंनी सांगितले की, या आधी राहणाऱ्या कुटुंबाचे कपाटही गेल्या पावसाळ्यात याच भिंतीमुळे खराब झाले होते आणि त्यांनी दिवाळीत घर सोडले. हे मी पत्रात आरोप म्हणून लिहिले नाही. मागील पावसाळ्यात या भिंतीची स्थिती कशी होती, एवढेच विचारले.

पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला आणि रविवारी ते स्वतः आले. डोंबिवलीच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे मी काही न बोलता कपाट बाजूला केले आणि त्यांना भिंतीला हात लावायला सांगितले. ते बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले की, गेल्या वर्षी थोडी ओल होती, रंगाने थांबेल असे वाटले होते. त्यांनी त्याच दिवशी सोसायटीच्या नावाने पत्र लिहून दिले, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी बुजवायला माणूस पाठवला, आणि भिंतीचे काम होईपर्यंत दरमहा ३,००० रुपये कमी घेण्याचे तोंडी कबूल केले. इमारत २८ वर्षांची आहे. ऑडिट शेवटचे केव्हा झाले हे सचिवांनी अजून सांगितलेले नाही. अनामत रकमेतून रंगकामाचा खर्च कापण्याचा विषय मी काढला तेव्हा मालक ‘नंतर पाहू’ म्हणाले.

---

कलमदान · ३० जुलै

‘नंतर पाहू’ हे आत्ताच लिहून घ्या. सवलतीची रक्कम, ती कोणत्या महिन्यापासून, भिंतीचे काम पूर्ण झाल्याचे कोण ठरवणार, आणि पश्चिमेच्या भिंतीच्या रंगकामाचा वा प्लास्टरचा खर्च अनामत रकमेतून कापला जाणार नाही, एवढे चार मुद्दे एका ईमेलमध्ये लिहून ‘आपल्या रविवारच्या बोलण्याप्रमाणे’ असे म्हणून पाठवा आणि त्यांना ‘मान्य’ एवढे उत्तर द्यायला सांगा. गेल्या वर्षी ओल होती हे त्यांनी कबूल केले आहे, त्याचाही उल्लेख त्याच ईमेलमध्ये सौम्य शब्दांत असू द्या. त्यांच्यावर दडपण आणण्यासाठी नव्हे, तर सहा महिन्यांनी दोघांच्याही आठवणी वेगळ्या होऊ नयेत म्हणून.

---

नौपाडावासी · ३१ जुलै

काल रात्री ईमेल पाठवला आणि आज सकाळी पहिल्या तीन मुद्द्यांना ‘मान्य’ असे उत्तर आले. चौथ्यावर त्यांनी लिहिले आहे की, सोसायटी काय म्हणते ते पाहून कळवतो. सोसायटीच्या समितीची बैठक येत्या रविवारी आहे. मालकांना पुण्याहून येणे जमणार नाही, म्हणून त्यांनी दिलेले अधिकारपत्र घेऊन मी जाणार आहे आणि फॉईलखालच्या भिंतीची चारही छायाचित्रे तारखेनिशी छापून सोबत नेणार आहे. मुलीचा खोकला रात्रीचा थांबला आहे. दिवसा अजून अधूनमधून येतो.